मुख्य किल्लीची पेठ आणि परपेठ

पूर्वी पेढीच्या तिजोरीला एक किल्ली असे, आणि ती कोणाच्या कमरेला आहे हे घरातील लहानथोरांस ठाऊक असे. आज त्याच पेढीच्या किल्ल्या तीस-चाळीस झाल्या आहेत, आणि त्यांतील एकही डोळ्यांना दिसत नाही. जीएसटी, प्राप्तिकर, ई-वे बिल, दोन-तीन बँका, डिमॅट, ईमेल, हिशेबाचा संगणक अशा प्रत्येक दाराचा पासवर्ड निराळा. इतके पासवर्ड कोणाच्याही ध्यानात राहत नाहीत. मग एकच पासवर्ड सगळीकडे वापरला जातो, किंवा वहीच्या शेवटच्या पानावर सर्व लिहिले जातात. या दोन्ही सवयी घातक आहेत, म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळांनी अलीकडे पासवर्ड मॅनेजर नावाचे साधन पत्करले आहे. ते योग्यच झाले. परंतु त्या साधनाबरोबर जी एक नवी जबाबदारी येते, तिचा विचार आपल्या घरांत अजून पुरेसा झालेला नाही. तो करावा या हेतूने आम्ही हा लेख सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहो.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्डांची तिजोरी. तीत सर्व पासवर्ड सांकेतिक रूपात कोंडलेले असतात, आणि ती तिजोरी उघडणाऱ्या एका पासवर्डास मास्टर पासवर्ड म्हणतात. आपण त्यास मुख्य किल्ली म्हणू. या मुख्य किल्लीपासून गणिताने एक फार मोठी संख्या तयार होते व त्या संख्येनेच आतील मजकूर उलगडतो. चांगल्या पासवर्ड मॅनेजरची रचना अशी असते की, ही किल्ली तो चालविणाऱ्या कंपनीलाही ठाऊक नसते. हेच त्याचे बळ. कारण कंपनीतील नोकरालाही आपली तिजोरी उघडता येत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की, किल्ली विसरली तर कंपनीकडे अर्ज करून ती परत मिळत नाही. बँकेचा पासवर्ड विसरला तर बँक नवा देते. इथे मात्र देणाराच कोणी नाही. ही एक गोष्ट नीट उमगली म्हणजे पुढील सर्व विवेचन आपोआप उलगडेल.

हुंडीच्या व्यवहारातील धडा

ज्या कागदावाचून पैसा मिळत नाही तो कागद हरवला तर काय करावे, हा प्रश्न आपल्या व्यापाराला नवा नाही. हुंडी वाटेत गहाळ झाली तर हुंडी लिहिणारा तिची दुसरी प्रत देई, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर तिसरी प्रत निघे, ती ‘परपेठ’. पेठेत मूळ हुंडीचा उल्लेख असे, जेणेकरून एकाच रकमेचा भरणा दोनदा होऊ नये. रक्कम चुकती झाली की त्या हुंडीचा ‘खोका’ होई, म्हणजे तो कागद निकामी ठरे. या रिवाजात दोन चिंता एकाच वेळी वाहिलेल्या दिसतात. एक, कागद हरवल्यामुळे हक्काचा माणूस अडकू नये. दुसरी, जास्तीच्या प्रतीमुळे बिनहक्काच्या माणसाचे फावू नये.

मुख्य किल्लीच्या बाबतीत नेमक्या याच दोन चिंता आहेत. गुपित राखणे हे एक काम आणि गुपित टिकविणे हे दुसरे. पहिल्या कामात आपण दक्ष असतो. मुलालाही सांगत नाही, मुनिमालाही सांगत नाही. दुसरे काम मात्र देवावर सोपवितो. जी किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात आहे ती अर्धी हरवलेलीच आहे, असे आमचे मत आहे.

सुरतेने पाहिलेली संकटे

किल्लीची प्रत कशी व कोठे ठेवावी हे ठरविण्यापूर्वी ती कशाकशाने नष्ट होऊ शकते याचा हिशेब मांडला पाहिजे. त्यासाठी दूर जावयास नको. आपल्या या शहराचा इतिहास पुरेसा आहे.

पहिले संकट लुटीचे. जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या या श्रीमंत बंदरावर स्वारी केली. पहिल्या स्वारीत ज्यांचे वाडे लुटले गेले त्यांत वीरजी व्होरा हे त्या काळचे विख्यात जैन व्यापारी होते. परंतु आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा इत्यादी ठिकाणी त्यांच्या पेढ्या पसरलेल्या होत्या. सुरतेच्या वाड्यात जे होते ते गेले. जे अन्यत्र होते ते वाड्याबरोबर जाणे शक्यच नव्हते. सर्व चीजवस्तू एका छपराखाली ठेवू नये, हा यातील बोध.

दुसरे संकट अग्नीचे. एप्रिल १८३७ मध्ये सुरतेत जी आग लागली तीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. शेजारच्या घरी ठेवलेली प्रत अशा आगीत उपयोगी पडत नाही, कारण आग घरोघर जाते. म्हणजे प्रत नुसती दुसऱ्या छपराखाली ठेवून भागत नाही, ती दुसऱ्या वस्तीत हवी.

तिसरे संकट पाण्याचे. त्याच १८३७ साली अग्नीपाठोपाठ तापीचा पूरही आला होता. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी जो डोळ्यांनी पाहिला तो ऑगस्ट २००६ चा पूर. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली व शहराचा फार मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. आगीपेक्षाही पुराचे क्षेत्र विस्तृत असते. नदीकाठच्या दोन निरनिराळ्या पेठाही तो एकाच दिवशी बुडवितो. यास्तव एक प्रत वरच्या मजल्यावर आणि शक्य तर दुसरी दुसऱ्या गावी, हा सुरतेपुरता तरी नियम समजावा. नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूस आपल्या अनेक सभासदांचे सोयरे आहेत. त्यांचा यासाठी उपयोग होऊ शकेल.

चौथे संकट या तिहींहून निराळे. त्यात घर शाबूत राहते, कागद शाबूत राहतात. माणूस मात्र राहत नाही, किंवा असून बोलू शकत नाही. २०२० व २०२१ च्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाजवळ घरच्यांस जाताही येत नसे, हे आपण सर्वांनी अनुभवले. पक्षाघात, अपघात, वार्धक्यातील विस्मरण ही तर नित्याचीच. कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला म्हणून जीएसटीच्या विवरणपत्राची तारीख पुढे जात नाही, आणि कारागिरांचा पगारही थांबविता येत नाही.

‘किल्ली फक्त त्यांनाच ठाऊक होती’

या चौथ्या संकटाचे एक उदाहरण जगभर गाजले. त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो व त्याचा शेवट विचार करावयास लावणारा आहे. कॅनडातील क्वाड्रिगासीएक्स या आभासी चलनाच्या पेढीचा चालक जेराल्ड कॉटन हा डिसेंबर २०१८ मध्ये प्रवासात असता जयपूर येथे मरण पावला. तो अवघा तीस वर्षांचा होता. पुढे २०१९ च्या आरंभी पेढीने न्यायालयात सांगितले की, ग्राहकांचे चलन ज्या तिजोऱ्यांत आहे त्यांच्या किल्ल्या एकट्या कॉटनलाच ठाऊक होत्या. हजारो ठेवीदार हवालदिल झाले. एका माणसाच्या स्मरणशक्तीवर एवढा पैसा टांगलेला असावा, याचे जगाला नवल वाटले.

परंतु चौकशी झाली तेव्हा त्या तिजोऱ्या कॉटनच्या मृत्यूपूर्वीच रिकाम्या झालेल्या आढळल्या. जून २०२० मध्ये ऑन्टारिओ प्रांताच्या रोखे आयोगाने आपला निष्कर्ष जाहीर केला की, ठेवीदारांच्या नुकसानीचे मुख्य कारण किल्ली हरवणे हे नव्हते. कॉटनने केलेली लबाडी हे होते.

या कथेतून सामान्यतः एवढाच बोध घेतला जातो की किल्लीची प्रत ठेवावी. आम्हांस त्यात आणखी एक बोध दिसतो. ज्या घरात किल्ली एकालाच ठाऊक असते तेथे आत काय आहे हेही दुसऱ्या कोणाला कधी पाहता येत नाही. मालक प्रामाणिक असला तरी त्याच्या पश्चात तो प्रामाणिक होता हे सिद्ध करण्याचे साधन उरत नाही. भागीदार शंका घेतात, भाऊ भावाकडे संशयाने पाहू लागतो. म्हणून किल्लीची प्रत ही मालाच्या रक्षणाइतकीच पतीच्या रक्षणासाठीही आवश्यक आहे. व्यापाऱ्याची पत त्याच्या मागेही टिकावी लागते.

किल्ली कशी असावी

किल्लीच कच्ची असेल तर तिची प्रत जपून काय उपयोग? डिसेंबर २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीने जाहीर केले की, चोरांनी ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या नकलाच उचलून नेल्या. अशा वेळी चोरास घाई नसते. तो आपल्या घरी बसून यंत्राकडून कोट्यवधी किल्ल्या लावून पाहू शकतो. दुकानाचे नाव आणि जन्मसाल मिळून झालेली किल्ली तेथे तग धरत नाही. चोरी झाल्यावर किल्ली बदलली तरी चोराजवळची नक्कल जुन्याच किल्लीने उघडते. म्हणून तशा प्रसंगी आतील पासवर्डही एकेक करून बदलावे लागतात.

उत्तम उपाय फाशांचा आहे. पाच वेळा फासा टाकला म्हणजे जो पाच अंकी क्रम येतो, त्याचे ७,७७६ प्रकार संभवतात. तेवढ्या साध्या शब्दांच्या क्रमवार याद्या तयार मिळतात. फाशाने जो शब्द दाखविला तो घ्यावा. असे सहा शब्द घेतले म्हणजे त्यांचे प्रकार दोनावर तेवीस शून्ये मांडावीत त्याहूनही अधिक होतात. आपल्या मनाने शब्द निवडू नयेत. मन नेहमी ओळखीच्या वाटेने जाते, फासा जात नाही. असे सहा शब्द आठवडाभर रोज लिहिले की तोंडपाठ होतात.

एक सूचना विशेष करून आपल्या भाषेच्या लोकांसाठी. मुख्य किल्ली देवनागरीत ठेवू नये. एकच दिसणारे अक्षर निरनिराळे कळफलक निराळ्या प्रकारे लिहितात, त्यामुळे अक्षर तेच दिसूनही कुलूप उघडत नाही. मराठी शब्द रोमन लिपीत घेतल्यास त्याचे स्पेलिंग प्रतीवर अक्षरशः लिहावे, कारण एकच शब्द घरातील दोन माणसे दोन तऱ्हेने लिहितात.

प्रत कशी करावी

ही प्रत कागदावरच असावी. ज्या संगणकात तिजोरी आहे त्याच संगणकात किल्ली ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली टांगणे होय. मोबाइलने फोटो काढू नये, कारण तो फोटो आपल्या नकळत दुसरीकडे साठविला जातो. ईमेल किंवा व्हॉट्सॲपने तर मुळीच पाठवू नये. छापील पावतीचा कागद वापरू नये, त्यावरील अक्षरे कालांतराने उडतात. शाईही पाण्याने फुटते. जाड कागदावर शिसपेन्सिलीने ठळक लिहावे आणि कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करावा.

कागदावर पुढील गोष्टी असाव्यात. कोणता पासवर्ड मॅनेजर, कोणत्या ईमेलचे खाते, मुख्य किल्ली, आणि लिहिल्याची तारीख. शून्य आणि रोमन ‘ओ’, तसेच एक आणि ‘एल’, यांतील भेद खुणेने दाखवावा. जेथे किल्लीखेरीज मोबाइलवर येणारा क्रमांकही लागतो, तेथे मोबाइल नसताना वापरावयाचे राखीव क्रमांक कंपनी देते. तेही याच कागदावर लिहावेत. हे न केल्यास किल्ली हाती असूनही दार उघडणार नाही. वनपासवर्डसारख्या काही साधनांत मुख्य किल्लीबरोबर एक लांबलचक गुप्त क्रमांकही लागतो; ती कंपनी तो क्रमांक छापलेला एक कागद देते, त्याचीच प्रत करावी.

मग पाकिटावर मोहोर करावी व जोडावर सही करावी, म्हणजे ते कोणी उघडले असल्यास कळून येईल. अशा दोन प्रती कराव्या. पहिली, जी आपली पेठ, ती घरच्या तिजोरीत वरच्या मजल्यावर. दुसरी, म्हणजे परपेठ, बँकेच्या लॉकरमध्ये अथवा परगावच्या विश्वासू आप्ताकडे. लॉकर भाड्याने घेताना नामनिर्देशन अवश्य करावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार आग, चोरी किंवा नोकराची लबाडी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. पूर-भूकंपादी नैसर्गिक आपत्तीत मात्र ती सामान्यतः येत नाही. आणि भरपाई मिळाली तरी विसरलेला शब्द पैशाने परत येत नाही. म्हणून लॉकर ही दुसरी जागा असावी, एकुलती नव्हे.

मृत्युपत्रात किल्ली लिहू नये. नोंदविलेल्या मृत्युपत्राची नक्कल कर्त्याच्या पश्चात अर्ज करणाऱ्यास मिळू शकते. मृत्युपत्रात फक्त पाकीट कोठे आहे व ते कोणी उघडावे, एवढेच लिहावे.

एकावर विश्वास टाकण्याचे मन नसेल तर

काही घरांत अशी स्थिती असते की, कोणा एकाच्या हाती सगळी किल्ली देणे इष्ट वाटत नाही. तेव्हा बहुतेक जण किल्लीचे दोन तुकडे करून दोघांस देतात. ही पद्धत सदोष आहे. एक तुकडा हरवला की सर्वच गेले. त्यापेक्षा तीन कागद करावेत. सहा शब्दांपैकी पहिल्यावर १ ते ४, दुसऱ्यावर ३ ते ६, आणि तिसऱ्यावर १, २, ५ व ६ हे शब्द क्रमांकांसह लिहावेत. कोणतेही दोन कागद एकत्र आले की सहाही शब्द पुरे होतात, आणि एक हरवला तरी काम अडत नाही. परंतु एकाच कागदावरून उरलेले दोन शब्द शोधावयाचे म्हटले तर प्रकार ६,०४,६६,१७६ एवढेच होतात. माणसाला ते फार वाटतील, यंत्राला नाहीत. म्हणून हे कागदही मोहोरबंदच असावेत.

हा उणेपणा गणिताने दूर केला आहे. आदी शामीर या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७९ साली जी रीत प्रसिद्ध केली तिचे मर्म शाळेतल्या आलेखाने कळते. आलेखावर एक तिरकी सरळ रेषा काढा. ती उभ्या अक्षास जेथे छेदते तो अंक आपले गुपित. त्या रेषेवरील एकेक बिंदू तिघांस द्या. एका बिंदूतून असंख्य रेषा जातात, त्यामुळे एकट्याला काहीच कळत नाही. दोन बिंदू मिळाले की रेषा ठरते व गुपित प्रकट होते. या रीतीने वाटे करून देणारी साधने उपलब्ध आहेत. पण घरातील माणसांना ती चालविता येतील तरच त्यांच्या वाटेस जावे. संकटाच्या वेळी साधी रीतच उपयोगी पडते.

बिटवॉर्डनसारख्या साधनांत आणखी एक सोय आहे. आपण एका विश्वासू व्यक्तीचे नाव नोंदवावयाचे व काही दिवसांची मुदत ठरवावयाची. त्या व्यक्तीने मागणी केली आणि मुदतीत आपण नकार दिला नाही, तर तिजोरी तिला उघडी होते. ही सोय चांगली आहे, परंतु कागदी प्रतीस जोड म्हणून.

किल्ली आणि हक्क

एक भेद सर्वांनी ध्यानी धरावा. किल्ली ठाऊक असणे म्हणजे मालकी नव्हे. वडिलांच्या पश्चात त्यांच्या पासवर्डाने बँकेत शिरून रक्कम काढणे हे वारसासही उचित नाही. तो पैसा नामनिर्देशित व्यक्तीने वा वारसांनी बँकेकडे रीतसर मागावयाचा असतो. पाकिटाचा उपयोग कोणती खाती आहेत, कोणाचे देणे आहे, कोणती मुदत जवळ आली आहे हे जाणण्यासाठी. पाकीट ज्याच्याकडे ठेवावयाचे त्यास हे आधी समजावून सांगावे. आणि ज्यास सांगावयाचे त्यांत घरातील स्त्रियांना वगळू नये. कर्त्याच्या पश्चात पहिले आठ दिवस घर सावरण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्यास येते. पाकीट कोठे आहे हे मात्र त्यांनाच ठाऊक नसते.

वर्षातून एक दिवस

शेवटची गोष्ट तालमीची. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. यासाठी आम्ही कार्तिक शुद्ध पंचमीचा दिवस सुचवितो. गुजरातेत ती लाभपाचम म्हणून नव्या व्यवहाराचा आरंभदिन आहे, आणि जैन परंपरेत ती ज्ञानपंचमी आहे. ग्रंथभांडारांतील पोथ्या त्या दिवशी बाहेर काढून झाडून-पुसून पाहण्याची व त्यांचे पूजन करण्याची चाल आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या आज वाचता येतात, त्यात या वार्षिक देखभालीचा आणि ठिकठिकाणच्या भांडारांसाठी केलेल्या नकलांचा वाटा मोठा आहे.

त्या दिवशी पाकीट काढावे. आपल्याऐवजी घरातील दुसऱ्याने कागदावरून वाचून तिजोरी उघडून पाहावी. ती उघडली नाही तर चूक कोठे आहे ते त्याच दिवशी शोधावे. वर्षात किल्ली बदलली असेल तर नवी प्रत लिहून जुनी जाळावी, म्हणजे तिचा खोका झाला. नवी तारीख घालून पुन्हा मोहोर करावी. एवढ्या कामास अर्धा तास पुरतो.

आपल्या वाडवडिलांनी हरवलेल्या हुंडीची सोय कागद हरवण्यापूर्वीच लावून ठेवली होती. तीच दूरदृष्टी या अदृश्य किल्लीच्या बाबतीत प्रत्येक सभासदाच्या घरी दिसावी, आणि येत्या ज्ञानपंचमीपूर्वी निदान एक मोहोरबंद पाकीट प्रत्येक पेढीत तयार असावे, एवढीच आमची विनंती आहे.